झील कुणाची ओढायची

या, असे जवळ सरका. दाराशी उभ्याने गोष्ट ऐकली की अर्धी रस्त्यावर सांडते. देवाला हात जोडा, फोन खिशात घाला आणि ऐका. आज राजाची सांगत नाही, ऋषीची सांगत नाही. आज सांगायची आहे ती कीर्तनात बुवांच्या मागे उभं राहणाऱ्या माणसाची. बुवा पद म्हणतात, आणि ओळ संपता संपता मागचा माणूस ती उचलून धरतो. तेवढ्यात बुवा दम घेतात, कपाळ पुसतात, पुढचा दृष्टांत मनाशी जुळवतात. त्या उचलण्याला झील म्हणतात. ती ओढणाऱ्याचं नाव हँडबिलावर नसतं. हार बुवांच्या गळ्यात पडतो, बुक्का आधी बुवांच्या कपाळी लागतो, आणि देव, खरं सांगायचं तर, दोघांचंही ऐकतो.

धनाजीराव शितोळे त्या दिवशी बडोद्यात लहरीपुऱ्याच्या बाजारात उपरणं घ्यायला गेले होते. रामनवमीचा उत्सव तोंडावर आला होता आणि जुन्या उपरण्याच्या काठाला इस्त्रीचा डाग पडला होता. तो बायकोच्या, आनंदीबाईंच्या मते दिसत नव्हता आणि धनाजीरावांच्या मते तेवढाच दिसत होता. दरवाजातून आत शिरताना नेहमीची दाटी, स्कूटरी, हातगाड्या, दोऱ्यांवर टांगलेल्या चणियाचोळ्यांचे घेर डोक्याला लागणारे. एका दुकानाच्या कपाळावरच्या स्पीकरमधून ठोका चालला होता, नुसता ठोका, शब्द नाहीत. धनाजीरावांचं तिकडे लक्षही नव्हतं. आणि एकाएकी त्यांचं तोंड उघडलं. त्यांनी उघडलं नाही, ते उघडलं. छाती भरली, मान किंचित डावीकडे कलली, बोटं टाळ धरल्यासारखी आवळली, आणि कंठातून अर्धा स्वर बाहेर पडला, भर बाजारात, कुणी पद म्हटलेलं नसताना. त्याच क्षणी स्पीकरमधून तोच स्वर पुरा होऊन आला. मितालीचा. त्यांच्या मुलीचा. त्या ठोक्यांच्या खालून कुणीही न म्हटलेलं एक पद चाललं होतं, ते कानाला कळलं नाही पण चाळीस वर्षांच्या सवयीच्या शरीराला कळलं होतं, आणि ते जिथे संपायचं तिथे शरीराने आपलं काम केलं होतं. दुकानातली पोरगी हसली. "काका, तमने पण गमे छे आ गीत? बहु चाले छे हमणां." धनाजीरावांना म्हणायचं होतं, मारी दीकरी छे, माझीच मुलगी. ते ओठापर्यंत आलंही. पण तोंडाचा आता भरवसा वाटेना. ते म्हणाले, "खेस बतावो ने, सफेद," आणि तिने दाखवलेला पहिलाच खेस घेऊन, काठ न बघता, बाहेर पडले.

घराकडे, गोत्रीला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांना जाणवलं की हृदय अजून धडधडतंय. लाज वाटल्यावर धडधडतं तसं. लाज कसली? आपल्याच पोरीचं गाणं बाजारात वाजतंय, दुसरा बाप असता तर छाती फुगवून फिरला असता. बाप तर ते होतेच. पण त्या क्षणी ते बाप नव्हते. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी, त्या दुसऱ्याने ती आपल्याहून बरी धरलेली असावी की वाईट, हे ठरवता येऊ नये, तसं काहीतरी झालं होतं. मिताली आणि तिच्यासोबत गाणी बसवणारा अनीश, या दोघांची जोडी लोकगीतं घेऊन त्यांना नव्या बाजाचा साज चढवायची. आधी हळदीची गाणी केली, मग भारुडं, कॉलेजांतून बोलावणी येऊ लागली, सुरतेला, पुण्याला गेली. हे सगळं धनाजीरावांना ठीक वाटत आलं होतं, शेजारच्या घरात चाललेल्या लग्नासारखं. आता या नव्या अल्बमला दोघांनी नाव दिलं होतं 'मागची ओळ'. धनाजीरावांनी ज्यांच्या मागे झील ओढली त्या दिवंगत तात्यासाहेब बुवांची कीर्तनं घेतली होती, आणि त्यांतलं तात्यासाहेबांचं एकही पद घेतलं नव्हतं. नुसत्या झिली. बुवांच्या जागी मोकळा ठोका, आणि मग झील. पुन्हा ठोका, पुन्हा झील. अनीश तर तात्यासाहेबांचा सख्खा नातू. आजोबांची जागा पुसून त्याने झीलकऱ्याची ठेवली होती, तीही मितालीच्या आवाजात. धनाजीरावांनी हे गच्चीवर, कानात ती बोंडं घालून, एकट्याने ऐकलं होतं, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि खाली येऊन हातपाय धुऊन जेवायला बसले होते. तेव्हापासून घरात सगळ्यांचे अभिप्राय येत होते. त्यांचा आला नव्हता.

अभिप्रायांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरचे जिग्नेशभाई लिफ्टमध्ये भेटले की गुणगुणत, आणि म्हणत, "धनाजीभाई, शब्द एकेय समजातो नथी, पण आखो दिवस जीभ परथी जतुं नथी." आनंदीबाईंच्या पुण्याच्या बहिणीने फोन केला आणि सांगितलं, "अगं, गाणं सुरूच होत नाही, नुसतं संपत राहतं. आमच्या ह्यांना वाटलं रेंज जातेय." फोनवर गाण्याखाली लोक लिहीत ते आनंदीबाई गवार निवडता निवडता मोठ्याने वाचत, भाजीचे भाव वाचावेत तसं, चांगलं-वाईट एकाच सुरात. कुणाला रडू आलं होतं. कुणाला मराठी येत नव्हतं पण आजी आठवली होती. कुणी लिहिलं होतं, कीर्तनाची ही विटंबना थांबवा. कुणी नुसते हात जोडले होते, कुणी ढोल वाजवणाऱ्याचं नाव विचारलं होतं. "आणि हा बघा," आनंदीबाई म्हणाल्या, "म्हणतो, इतकं बोअर की माझं बाळ झोपलं, धन्यवाद. घ्या, एक तरी पुण्य लागलं." मग विळी बाजूला सारून त्या थेट बोलल्या, "तुमचा काय तो एकदा देऊन टाका हो. पोर जेवताना तुमच्या तोंडाकडे बघते. आमटीत मीठ नव्हतं काल, तिला कळलं नाही."

"तुला कसं वाटलं?" धनाजीरावांनी विचारलं.

"मला काय वाटायचंय? पोटची आहे. मला तिचं शिंकणंही सुरात वाटतं. माझं सोडा."

त्यांचं सोडता येत होतं, यांचं येत नव्हतं, हीच तर अडचण. धनाजीरावांना अल्बम आवडला नव्हता. हे त्यांनी स्वतःलासुद्धा सरळ सांगितलं नव्हतं. मनात ते वाक्य येऊ लागलं की ते उठून पंखा कमीजास्त करत. ढोल फार होता. त्याहून खटकत होतं ते मितालीचं ओळीत जीव ओतणं. झील अशी म्हणायची नसते. झील म्हणणाऱ्याने कळवळायचं नसतं. कळवळून बुवा म्हणून गेलेले असतात, मागच्याने फक्त ते ऊन आहे तोवर हातात धरायचं, ज्याचं त्याला परत द्यायचं. हे कुणी शिकवत नाही. तात्यासाहेबांनी तर नाहीच शिकवलं. ते नुसते मान तिरकी करत आणि धनाजीरावांना कळे की आता. धनाजीराव बाजव्याकडच्या रसायनांच्या कारखान्यातून पहिली पाळी उरकून यायचे, अंगाला तिथल्या वायूचा गोडसर वास तसाच, आंघोळ केली तरी उपरण्याच्या आत थोडा राहायचा. तात्यासाहेब म्हणायचे, "धनाजी, तू मागे उभा राहिलास की मला पाठीला कळतं," आणि मंडळी हसायची, आणि तो वासाबद्दलचा टोमणा होता की आवाजाबद्दलचं कौतुक, हे धनाजीरावांनी कधी ठरवलं नाही. दोन्ही असेल. तात्यासाहेबांचं बहुतेक सगळंच दोन्ही असायचं. विद्वान माणूस, घराण्यात पिढ्यान् पिढ्या दरबारी शास्त्री, वाणी अशी की देवळातली घंटासुद्धा कुणी मध्ये वाजवू नये. त्यांच्या रामाने वनवासाला निघताना मागे वळून पाहिलं की बायका पदर तोंडाला लावत. धनाजीरावही रडलेत कितीदा, मागे उभ्याने, टाळ न चुकवता. त्या अश्रूंत खोट नव्हती. आजही त्या आवाजावाचून रामनवमीची दुपार म्हणजे सुंठवड्याची वाटी आणि उन्हाची तिरीप, एवढंच वाटतं.

आणि तरी, त्या मोकळ्या ठोक्यांत, गच्चीवर, त्यांना तात्यासाहेबांचा आवाज ऐकू आला नव्हता. यायला हवा होता. त्याऐवजी आठवलं होतं ते दुसरंच, ज्यावर इतकी वर्षं त्यांनी व्यवस्थित माती लोटली होती. एका उत्सवात तात्यासाहेब लढाईचं आख्यान लावून बसले होते, श्रोते रंगलेले, आणि तात्यासाहेब एकदम थांबून म्हणाले, "नाहीतर आमचे बडोद्याचे शिलेदार! घोडा विकून खाल्ला, मिशीला मात्र रोज तूप!" हशा पिकला. हशा पिकला की तात्यासाहेबांना चरण सुचायचे, तसा जागच्या जागी सुचला: मिशी राहिली तुपात, घोडा गेला बाजारात. आणि मान तिरकी झाली. धनाजीरावांचे वडील खांबाजवळ बसले होते. वडिलांच्या वडिलांनी पागेत नोकरी केलेली. वडील स्वतः एका पेढीच्या दाराशी पहारा करत, पण मिशी राखून होते, पांढरी, दोन्ही बाजूंनी वर वळवलेली. सगळं देऊळ त्या मिशीकडे बघून हसत होतं, की हसत नव्हतं, धनाजीरावांना दिसलं नाही, कारण तोवर त्यांनी झील उचलली होती. घोडा गेला बाजारात. एकदा नाही, चढवून, दुणावून, टाळांच्या ठेक्यात, जशी ओढायची तशी, घोडा गेला बाजारात, घोडा गेला बाजारात, तात्यासाहेब दम घेईपर्यंत. घरी परतताना वडील मांडवी दरवाजापर्यंत दोन पावलं पुढे चालले. मग म्हणाले, "आवाज चांगला लागला होता आज तुझा." त्यात राग नव्हता. तेच वाईट होतं. ते खरोखरच कौतुक करत होते.

तर हे असं सगळं पोटात घेऊन धनाजीराव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात गेले. जुन्या शहरातलं रामाचं देऊळ, पुढे लाकडी मंडप, बाजूला ओसरी. ओसरीवर कीर्तन मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव वाट बघत बसले होते. दिनकरराव निवृत्त प्राध्यापक, संस्कृतचे, माणूस कष्टाळू. देवळाच्या गळक्या छपरापासून पाहुण्या बुवांच्या चहापर्यंत सगळं तेच बघत. तात्यासाहेबांवर त्यांची भक्ती होती आणि ती खरी होती. गेले काही दिवस त्यांना झोप नव्हती, ते डोळ्यांवरून दिसत होतं.

"या, धनाजीराव, बसा. दोन मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. "तुम्ही ऐकलंत ना ते?"

"ऐकलं."

"मग मी काही वेगळं सांगायला नको. मंडळाच्या ग्रुपवर नुसता आगडोंब आहे. नाशिकहून, इंदूरहून विचारतायत, तुमच्या बडोद्यात हे काय चाललंय. मी काय उत्तर देऊ? मी बोललो तर म्हणतील म्हातारा जळतो. तुम्ही बोललात तर प्रश्न मिटला. तात्यांच्या मागे उभं राहिलेला आता तुमच्याशिवाय आहे कोण?" त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावर सारला. "मी विचार करून ठेवलंय. मोठं नाही. मी एकेक तुकडा म्हणतो, तुम्ही तेवढाच मागून म्हणा. तुम्हाला काय, सवयच आहे."

हे ते वाईट हेतूने म्हणाले नाहीत. फोनवरचा तांबडा ठिपका लागला. धनाजीरावांनी नवं उपरणं खांद्यावर नीट केलं. समोर गाभाऱ्यात समई होती, रामाच्या चांदीच्या डोळ्यांवर तिचा उजेड हलत होता, आणि ते डोळे कुणाची बाजू घेत नव्हते.

"तात्यासाहेबांच्या कीर्तनाशी," दिनकरराव म्हणाले.

"तात्यासाहेबांच्या कीर्तनाशी," धनाजीराव म्हणाले.

"या गाण्यांचा काही संबंध नाही."

"या गाण्यांचा काही संबंध नाही." आवाज छान लागला. खर्जात, स्वच्छ. आपलाच आवाज असा बाहेर जाताना ऐकून धनाजीरावांना आत कुठेतरी थंड वाटू लागलं. किती सोपं होतं. ओळ समोरून येते, तोंड उघडतं, ओळ परत जाते. मध्ये आपण कुठे लागतो?

"हा परंपरेचा अपमान आहे."

"हा परंपरेचा अपमान आहे." आणि होताच की थोडा. खोटं नव्हतं. म्हणून तर ओठ अडले नाहीत.

"आणि बाप म्हणून मला याची शरम वाटते."

ठिपका तांबडाच होता. दिनकररावांची मान आपोआप तिरकी झाली, तात्यासाहेबांची व्हायची तशीच. इतकी वर्षं समोर बसून ती त्यांच्या अंगात उतरली असणार. धनाजीरावांची छाती भरलेली होती. ती तशीच राहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर लावली, जय श्री कृष्ण म्हटलं, पायऱ्या चढलं, घंटा वाजवली. भरलेली छाती हळूहळू रिकामी झाली, नाकाने, आवाज न करता.

"म्हणा ना," दिनकरराव हळूच म्हणाले. "बाप म्हणून मला—"

"हे नाही म्हणणार."

"जड वाटतंय का? शरम काढू. खेद ठेवू."

"खेद पण नको. आणि आधीचं म्हटलेलं पुसून टाका."

दिनकररावांनी फोन खाली घेतला. "अहो, पण तुम्हाला तरी आवडलंय का ते?"

"नाही आवडलं," धनाजीराव म्हणाले, आणि ते वाक्य इतके दिवस दाबून ठेवलेलं, असं सहज, ओसरीवर, चुकीच्या माणसापुढे निघून गेलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"मग अडलंय कुठे?"

"आवडलं नाही ते तिला सांगेन. घरी, तिच्या तोंडावर. तुमच्या फोनला कशाला सांगू?"

"धनाजीराव, अनीश साधा पोरगा आहे. तात्यांचं रक्त. त्याच्या डोक्यात हे येणं शक्य नाही. हे तिचं डोकं."

"हो, तिचंच. चांगलं चालतं."

दिनकरराव उठले, चष्मा पुन्हा नाकावर आला. "रामनवमीला मागे कोण उभं राहील ते मंडळ ठरवतं, धनाजी." राव गळला होता. "आणि शनिवारी गोत्रीच्या पार्टी प्लॉटवर त्यांचा कार्यक्रम आहे म्हणे. तिथे तुम्हालाही मागे उभं करणार आहेत, असं ऐकतोय. तसं असेल तर इथला विचार सोडा."

धनाजीरावांना कुणीही बोलावलेलं नव्हतं. कार्यक्रम शनिवारी आहे हेसुद्धा त्यांना नीट माहीत नव्हतं. "बरोबर ऐकलंत," ते म्हणाले. "उभा राहणार आहे." मग रामाला हात जोडले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि पायऱ्या उतरले. मंडपातली ती जागा, बुवांच्या डावीकडे, दुसऱ्या खांबाच्या रेषेत, जिथली फरशी त्यांच्या टाचांना ओळखीची होती, ती गेली. जागा जाणं म्हणजे काय हे रिक्षात बसल्यावर कळलं. एरवी रामनवमीच्या आदल्या आठवड्यात ते गूळ-आलं सुरू करत, थंड पाणी बंद करत. आनंदीबाईंनी कालच आलं किसून ठेवलं होतं. आता ते आलं चहात घालायचं. आणि तरी रिक्षा जुन्या शहरातून बाहेर पडून रुंद रस्त्याला लागली तसं त्यांना हसू येऊ लागलं, अगदी विनाकारण. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "शुं थयुं, काका?" "कंई नहीं," ते म्हणाले. "एक जगाए ना पाडी आव्यो." असं नाही म्हणून येणं त्यांच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नव्हतं.

घरी मिताली आणि अनीश हॉलमध्ये जमिनीवर बसले होते, भोवती तारांचं जंजाळ. अनीश उठून उभा राहिला, नेहमीसारखा; त्याला या घरात कुठे बसावं हे कधीच कळलं नाही. धनाजीरावांनी चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि उभ्यानेच म्हणाले, "मला आवडलं नाही."

आनंदीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, निदान बसून तरी."

"ढोल फार आहे. दुसरं गाणं तर मुळीच नाही आवडलं. आणि तू झिलीत रडतेस. झिलीत रडायचं नसतं."

मितालीच्या हातात एक तार होती, ती तिने गुंडाळायला घेतली आणि पुन्हा सोडली. चेहरा उतरला, पण मोडला नाही. हनुवटी वर आली, ती शितोळ्यांची हनुवटी. "मला येतं रडू, आबा. तुम्हाला नव्हतं येत?"

"यायचं. गिळायचो."

"मी नाही गिळणार."

"दिसतंय ते. आणि ती मोकळी जागा. तात्यासाहेबांचा त्यात थोडा अपमान आहे."

अनीश घाईने म्हणाला, "नाही काका, म्हणजे आम्ही ती आजोबांसाठी राखून—"

"राखून वगैरे काही नाही, अनीश," मिताली म्हणाली. "ते तू मुलाखतीत सांग. आहे थोडा अपमान, आबा. मला लहानपणी मंडपात खाली बसून एवढंच दिसायचं, तुम्ही वाट बघताय. त्यांचं कधी संपतंय आणि तुमचं कधी येतंय. तोंडसुद्धा अर्धं उघडं. मला वाटलं, एकदा ते थांबू देत. एकदा त्यांना तुमची वाट बघू दे." तिचा आवाज चढला होता. "हे तुम्हाला पटावं म्हणून नाही सांगत. नका पटवून घेऊ."

धनाजीराव सोफ्याच्या कडेला टेकले. पटत नव्हतं. तात्यासाहेब गुरुस्थानी होते, होतेच. खांबाजवळची पांढरी मिशीही होती. दोन्ही एका जागी बसत नव्हती आणि आता या वयात बसवायची घाई नव्हती. पण एक गोष्ट समोर उजेडात ठेवल्यासारखी दिसत होती, की त्यांनी आयुष्यभर ओढलेल्या झिलींपैकी आवडून ओढलेल्या किती? बुवांचा घसा बसलेला असे, बुवा चिडलेले असत, दृष्टांत भलतीकडे जाई, कधी एखादा चरण असा येई की जीभ भाजावी. झील आवडीवर थांबत नाही. कुणाच्या मागे उभं राहायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. आणि तेवढं तरी त्यांनी कधी हातात घेतलं होतं का? तरुणपणी कुणीतरी उभं केलं, ते उभे राहिले.

"शनिवारी मी येतोय," ते म्हणाले. "मागे उभा राहायला."

"तुम्हाला कुणी बोलावलंय?" मिताली म्हणाली.

"कुणी नाही. पण मी देवळात सांगून आलोय, तेव्हा आता नाही म्हणू नकोस. माझी फजिती होईल."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. आनंदीबाई दारात आल्या, हाताला पीठ. "देवळात काय सांगून आलात? रामनवमीचं काय?"

"रामनवमीला मी ऐकायला बसेन. राम काही मंडळाने ठेवलेला नाही."

आनंदीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, लग्नानंतर पहिल्यांदा पाहावं तसं, आणि आत गेल्या. आतून किसणीचा आवाज येऊ लागला. आलं.

"आबा," मिताली हळू म्हणाली, "आवडलं नाही तर कशाला?"

"ते तुला नाही कळायचं. तू पुढची आहेस."

"ढोल कमी करते मग."

"खबरदार. माझ्या सांगण्यावरून तर नाहीच. कुणाच्याच नाही."

शनिवारी संध्याकाळी पार्टी प्लॉट भरला होता. नवरात्रात गरबा होतो तीच जागा, हिरवळीवर खुर्च्या, मागे मक्याच्या कणसांचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, आकाशात अजून उजेड. धनाजीरावांनी नवं उपरणं घेतलं होतं आणि त्याचा काठ निळा होता, हे त्यांना तिथे दिसलं. ते मितालीच्या मागे, थोडे डावीकडे उभे राहिले. अनीश पेटीवर. पहिली गाणी ठरल्याप्रमाणे झाली. धनाजीराव झील ओढत होते, मिताली रडवत होती, ढोल वाजत होता आणि त्यांना तो अजूनही फारच वाटत होता. मग मिताली ठरलेलं सोडून एकदम नामाच्या गजरात शिरली, रामाच्याच, आणि चुकली. भरात तिने स्वर फार वरचा धरला. अनीशने दचकून पेटीवर खालची पट्टी दाबली, डोळ्यांनी खुणावलं, पण ती मागे वळणार नव्हती. तिने नाम तिथेच, त्या टोकावर नेऊन ठेवलं, आणि ओळ संपली.

सहासष्टाव्या वर्षी तो स्वर धनाजीरावांचा नव्हता. खालून घ्यायला कुणी अडवलं नव्हतं. निम्म्यावर घेतला असता, कुणाला कळलंही नसतं, ऐकायला गोड लागलं असतं. अनीश मान हलवून तेच सुचवत होता. धनाजीरावांनी पाय रोवले, डोळे मिटले नाहीत, आणि पोरीने जिथे ठेवलं होतं तिथूनच उचललं. आवाज फाटला. सगळ्या पार्टी प्लॉटने ऐकलं. पहिल्या खुर्च्यांतल्या एका बाईने चेहरा वाकडा केला, दोन पोरांनी फोन वर धरले. धनाजीराव खाली उतरले नाहीत. फाटलेल्या आवाजाने दुसऱ्यांदा तेच नाम, तिथेच. तिसऱ्यांदा. मितालीच्या पाठीला कळलं होतं. खांदे हलले, हसली की काय, आणि तिनेही खाली यायचं नाकारून पुन्हा वरूनच टाकलं. अनीशने अखेर पेटीची पट्टी बदलली. त्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अभिप्राय आले. आनंदीबाईंनी चहा घेता घेता वाचून दाखवले. कुणाला अंगावर काटा आला होता, कुणाला हे रामाचं नाव पार्टी प्लॉटवर घेणं पटलं नव्हतं. "आणि हा कोण मेला," त्या थबकल्या, "राहू दे."

"वाच."

"म्हणतो, मुलगी भारी गाते, पण मागचा म्हातारा बेसूर आहे, त्याला काढा."

"बरोबर आहे त्याचं," धनाजीराव म्हणाले, आणि कप पुढे केला. "अजून थोडा दे. शनिवारी सुरतेला जायचंय."

रामनवमीला देवळात त्यांच्या जागी दुसरा गृहस्थ उभा होता. धनाजीराव श्रोत्यांत बसले, सुंठवडा घेतला, दिनकररावांना नमस्कार केला. दिनकररावांनी तो घेतला. तर मंडळी, ऐकलंत, देव तुमचं भलं करो. आता कधी कीर्तनाला गेलात, किंवा ती 'मागची ओळ' कुठे गाडीत, दुकानात कानावर आली, तर आवडू दे, न आवडू दे, तुमचा अभिप्राय तुमच्यापाशी. पण हात जोडाल तेव्हा बडोद्याचे धनाजीराव शितोळे यांची एकवार आठवण काढा. त्यांचं नाव अजून कुठल्याही हँडबिलावर छापलेलं नाही.